अब्राकादाब्रा : व्युत्पत्तीचा मोह आणि संहितेचे विस्मरण

१

शब्दाच्या सामर्थ्याविषयी बोलू लागलेला समीक्षक हल्ली एका ठरावीक मुक्कामावर येऊन थांबतो. भाषा वास्तवाचे केवळ वर्णन करीत नाही, ती वास्तव घडवते, हा सिद्धान्त मांडून झाला की दाखल्यादाखल तो जादूगाराचा एक शब्द पुढे करतो : 'अब्राकादाब्रा'. हा शब्द मूळचा अरमाईक भाषेतला असून 'मी बोलतो तसे निर्माण करतो' असा त्याचा अर्थ आहे, असे तो सांगतो. आणि आधुनिक भाषातत्त्वज्ञानाचे सार कोणा प्राचीन मांत्रिकाने एका शब्दात सांगून ठेवले होते, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. श्रोते माना डोलावतात. आपल्याकडे तर त्या विधानाला शब्दब्रह्माची जोड सहज मिळते आणि पूर्व-पश्चिम एकाच वाक्यात गळाभेट घेतात.

प्रस्तुत लेखात या निष्कर्षावर आक्षेप घ्यायचा आहे. आक्षेप दुहेरी आहे. ही व्युत्पत्ती पुराव्यावर उभी नाही, हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा की, हा शब्द ज्या संहितेत आपल्याला प्रथम भेटतो ती संहिता वाचण्याची गरजच ही व्युत्पत्ती उरू देत नाही. आणि ती संहिता खरोखर वाचली, तर निर्मितिक्षम वाणीचे प्रतीक म्हणून हा शब्द वापरणे अशक्य होऊन बसते. त्या संहितेत तो बोलण्यासाठी आलेला नाही, लिहिण्यासाठी आलेला आहे. त्याच्याकडून काही निर्माण व्हावे अशी कोणाची अपेक्षा नाही. एक व्याधी नाहीशी व्हावी म्हणून तोच ओळीओळीने नाहीसा होत जातो.

एका जादूच्या शब्दासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. खटाटोप शब्दासाठी नसून पद्धतीसाठी आहे. शब्दाचे मूळ सांगितले की त्याचा अर्थ सांगितला, आणि अर्थ सांगितला की त्याचे कार्य उलगडले, ही समजूत आपल्या समीक्षेत खोलवर रुजलेली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण बहुधा या समजुतीवरच बेतलेले असते. 'अब्राकादाब्रा' हे तिचे एक टोकाचे आणि म्हणूनच उपयुक्त उदाहरण आहे.

२

प्रथम संहिता. क्विंटस सेरेनस या नावावर 'लिबेर मेडिसिनालिस' म्हणजे 'वैद्यकाचा ग्रंथ' हे लॅटिन पद्यकाव्य आपल्यापर्यंत आले आहे. षट्गणी वृत्तातल्या सुमारे अकराशे ओळींचे हे काव्य डोक्यापासून पायापर्यंतच्या विकारांवरचे उपाय क्रमाने सांगते आणि पुढे ज्वर, जखमा, विषबाधा यांकडे वळते. त्याचा कर्ता काराकाल्ला या सम्राटाच्या आज्ञेने मारला गेलेला विद्वान सेरेनस सामोनिकस, की त्याचा मुलगा, की त्याच नावाचा आणखी कोणी उत्तरकालीन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. रचनाकाळही दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकापर्यंत हलवला जातो. मात्र 'अब्राकादाब्रा'चा ज्ञात असलेला सर्वांत जुना लिखित आढळ या काव्यात आहे, याविषयी दुमत नाही.

ज्वराच्या ज्या प्रकाराच्या संदर्भात हा शब्द येतो, त्याला ग्रीक वैद्यकात 'हेमित्रितायोस' म्हणत. आयुर्वेदाच्या परिभाषेत त्याचा प्रतिशब्द बनवायचा तर 'अर्धतृतीयक' असा करावा लागेल. एकांतऱ्या तापाशी नाते सांगणारा, पण अधिक घातक असा हा ताप. आजचे वैद्यकेतिहासकार त्यात हिवतापाचे तीव्र रूप पाहतात. आता सेरेनस या तापाविषयी बोलायला सुरुवात कशी करतो ते पाहावे. हा ज्वर प्राणघातक आहे, ग्रीकांपाशी त्याला नाव आहे, पण आपल्या भाषेत ते नाव कोणाला देता आले नाही. आणि मला वाटते, आईबापांनी ते द्यावे असेही कोणाला वाटले नसावे, अशा आशयाची ही प्रस्तावना आहे. म्हणजे शब्द येण्यापूर्वीच त्या शब्दाची भूमी तयार झालेली आहे. ज्या रोगाला स्वभाषेत नाव नाही, जे नाव घरात उच्चारण्याची कोणाची इच्छा नाही, त्या रोगासमोर कवी एक असा शब्द ठेवतो की जो कोणत्याच घरातल्या भाषेचा नाही. अनामिक व्याधी आणि अर्थहीन शब्द यांची ही जोडी अभ्यासकाच्या नजरेत भरायला हवी. व्युत्पत्तीच्या वाटेने जाणाऱ्याला ती दिसत नाही, कारण तो या ओळींपर्यंत पोचतच नाही.

यानंतर कृती येते. कागदाच्या (अर्थात पपायरसच्या) तुकड्यावर, ज्याला 'अब्राकादाब्रा' म्हणतात ते लिहावे. त्याखाली ते पुन्हा पुन्हा लिहीत जावे, पण दर वेळी शेवटचे वर्ण काढून टाकावे. उरलेले वर्ण ठेवावे. असे करीत करीत अखेर शंकूचे निमुळते टोक उरावे. मग तो तुकडा तागाच्या दोऱ्याने रोग्याच्या गळ्यात बांधावा. याच्या पुढेच सिंहाच्या चरबीचा आणि गळ्यात बांधायच्या पोवळ्यांचा उल्लेख येतो. म्हणजे कवीच्या दृष्टीने हा अनेक उपायांतला एक उपाय आहे, विश्वरहस्य नव्हे.

या कृतीत तीन गोष्टी ठळक आहेत. पहिली : उच्चारणाची सूचना कोठेही नाही. सर्व क्रियापदे लिहिण्याची, खाली उतरवण्याची, काढून टाकण्याची, बांधण्याची आहेत. रोग्याने काही म्हणायचे नाही, वैद्यानेही काही म्हणायचे नाही. दुसरी : कृतीचा गाभा शब्दाच्या घटण्यात आहे. मूळ लॅटिन शब्दात अकरा वर्ण आहेत. पहिल्या ओळीत अकरा, दुसरीत दहा, असे उतरत शेवटच्या ओळीत एकच 'अ' उरतो. अकरा ओळी, एकूण ६६ वर्ण. तिसरी : या घटण्याचे नाते शरीराशी आहे. शब्द गळ्यात आहे, कानात नाही. ताप उतरावा तसा तो उतरतो. येथे प्रतीकव्यवहार असेल तर तो शब्द आणि अर्थ यांच्यात नसून आकृती आणि व्याधी यांच्यात आहे.

हा शब्द वर्णमालेच्या लिपीचा किती अंकित आहे, हे मराठी वाचकाला एका साध्या प्रयोगाने पडताळता येईल. देवनागरीत तो लिहून अक्षरे कमी करीत गेल्यास असे होते :

अ ब्रा का दा ब्रा
अ ब्रा का दा
अ ब्रा का
अ ब्रा
अ

अकरा ओळींच्या पाच झाल्या, ६६ वर्णांची पंधरा अक्षरे झाली. 'ब्रा'मधला ब् वेगळा होत नाही, र् वेगळा होत नाही, स्वर व्यंजनाला चिकटून बसतो. मूळ आकृतीत 'अ'चे पाच वेळा पुनःपुन्हा उघडे पडणे येथे दिसेनासे होते. आणखी एक गोष्ट : लॅटिन त्रिकोणाची डावी बाजू सलग 'अ'ने भरलेली असते, आणि उजव्या तिरप्या कडेवरून खालून वर वाचत गेले की पूर्ण शब्द पुन्हा हाती लागतो. शब्द ओळीने संपत जातो आणि कडेने पुन्हा लिहिला जातो. क्षय आणि पुनर्लेखन एकाच आकृतीत, एकाच वेळी! उच्चारात यांतले काहीच उरत नाही. डोळ्यांनी वाचायची ही रचना आहे. रंगमंचावरच्या जादूगाराने तिला घोषणेचे रूप दिले ते पुष्कळ शतकांनंतर. आणि आमचे सिद्धान्तकार त्या जादूगाराच्या उच्चारावरून सेरेनसच्या कागदाचा अर्थ लावू पाहतात.

३

आता व्युत्पत्ती. 'मी बोलतो तसे निर्माण करतो' या मताचे पुरस्कर्ते शब्दाचे दोन तुकडे करतात : पहिल्यात 'निर्माण करणे' या अर्थाचा धातू आणि दुसऱ्यात 'बोलणे' या अर्थाचा धातू पाहतात. पहिला धातू अरमाईकमध्ये आहे, हे खरे. पण 'बोलणे' या अर्थी जो 'द्-ब्-र्' येथे गृहीत धरला जातो तो हिब्रूचा. अरमाईकमध्ये बोलण्यासाठी सामान्यतः वेगळे धातू वापरले जातात आणि 'द्-ब्-र्'चा रोख 'नेणे, हाकणे' या अर्थाकडे आहे. म्हणजे वाक्य अरमाईक म्हणायचे आणि त्याचा कळीचा अर्थ मात्र शेजारच्या भाषेतून उसना आणायचा, असा हा व्यवहार आहे. पहिल्या तुकड्याचा 'अब्रा' हा स्वरक्रमही प्रथमपुरुषी क्रियारूपाशी सरळ जुळत नाही. याहून महत्त्वाचे असे की, हे वाक्य या रूपात कोणत्याही प्राचीन अरमाईक ग्रंथात, वाडग्यावर वा ताईतावर आढळते असा दाखला हे मत मांडणारे देत नाहीत. व्युत्पत्ती शक्य वाटणे आणि ती घडलेली असणे यांत अंतर असते, याचा त्यांना विसर पडतो.

शिवाय त्याच भाषेतून त्याच ध्वनींचा नेमका उलटा अर्थही काढला गेला आहे. 'या शब्दासारखा नाहीसा हो' असे अरमाईक मूळ सुचवणारे अभ्यासक आहेत. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर कादंबऱ्यांतला मृत्यूचा शाप याच कल्पनेवर उभा आहे. 'ती वस्तू नष्ट होवो' असा या शब्दाचा मूळ अरमाईक अर्थ असल्याचे त्यांनी २००४ मध्ये एडिंबरोच्या पुस्तक महोत्सवात सांगितले होते. एक जण त्यात सृष्टी पाहतो, दुसरा संहार पाहतो आणि दोघेही एकाच भाषेची साक्ष काढतात. जी साक्ष दोन्ही पक्षांना सारखीच अनुकूल ठरते, तिला कोणते न्यायालय पुरावा म्हणेल?

इतर दावेदारही आहेत. कोणी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या हिब्रू नावांचे संक्षेप त्यात शोधतात. कोणी 'अब्रासाक्स' किंवा 'अब्राक्सास' या नावाकडे बोट दाखवतात. ग्रीक वर्णांची अंकमूल्ये मिळवली तर त्या नावाची बेरीज ३६५ होते, म्हणजे वर्षाचे दिवस. अर्धचंद्राकृती ग्रीक सिग्मा लॅटिन 'सी'सारखा दिसतो, तेव्हा 'अब्रासादाब्रा'चे चुकून 'अब्राकादाब्रा' झाले असावे, अशीही एक उपपत्ती आहे. कोणी लॅटिन वर्णमालेच्या पहिल्या चार वर्णांकडे, म्हणजे ए, बी, सी, डी यांकडे, लक्ष वेधतात : त्या चारांत फक्त एक 'आर' मिळवला की या शब्दाची सर्व सामग्री संपते. हे शेवटचे निरीक्षण निदान तपासून पाहता येते आणि ते आपल्याला अर्थाकडे न नेता लेखनाकडे नेते, हा त्याचा गुण. पण निरीक्षण म्हणजे उगम नव्हे, हे येथेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या पद्धतीची परीक्षा घ्यायची असेल तर फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी हा शब्द 'आबरा का डाबरा' असा आहे. याच नावाचा हिंदी चित्रपट २००४ मध्ये आला होता. हिंदी भाषकाच्या कानाने मधल्या 'का'ला षष्ठीचा प्रत्यय करून टाकले आणि शब्दाचा पदबंध झाला : कोणा आबराचा कोणी डाबरा. मराठीत 'डबरे' म्हणजे खड्डा, हे जमेस धरले तर उद्या एखादा व्युत्पत्तिपंडित 'आबराचा खड्डा' असा मूळ अर्थ सिद्ध करील आणि त्याचा संबंध पाताळाशी जोडील. आपण हसू. पण अरमाईक व्युत्पत्ती यापेक्षा वेगळे काय करते? श्रोत्याच्या माहितीतल्या भाषेच्या सांध्यांवर ती अनोळखी शब्द मोडते आणि मोडलेल्या तुकड्यांना मूळ घटक म्हणते. फरक इतकाच की हिंदी आपल्याला येते म्हणून आपण हसतो आणि अरमाईक येत नाही म्हणून मान डोलावतो.

व्युत्पत्ती ही नेहमी निर्हेतुक असते असेही नाही. इंग्रजीतल्या 'होकस पोकस'ची कथा या दृष्टीने बोलकी आहे. कॅथलिक मिस्सेतल्या 'हे माझे शरीर आहे' या अर्थाच्या लॅटिन शब्दांचा तो अपभ्रंश असावा, अशी सूचना सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधले प्रॉटेस्टंट धर्माधिकारी जॉन टिलटसन यांनी केली. ती करताना त्यांना शब्दाच्या इतिहासात रस होता की रोमन उपासनेला हातचलाखी ठरवण्यात, हे सांगायला नको. ती व्युत्पत्ती आजही पाठ्यपुस्तकी सहजतेने सांगितली जाते. तिच्यातला वाद विसरला गेला आणि ती 'माहिती' झाली. 'मी बोलतो तसे निर्माण करतो' या व्युत्पत्तीचेही तसेच झाले आहे. तिच्यामागे धर्मवाद नसेल, पण भाषेला सर्वकर्तृत्व देऊ पाहणारी आपल्या काळाची इच्छा नक्कीच आहे.

४

येथे भारतीय परंपरेतल्या एका जुन्या वादाचे स्मरण उपकारक ठरेल. यास्काच्या निरुक्तात कौत्स या आचार्याचे मत पूर्वपक्ष म्हणून नोंदलेले आहे : मंत्र अर्थहीन आहेत. त्याच्या युक्तिवादांपैकी एक असा की, मंत्रातले शब्द आणि त्यांचा क्रम नियत असतो. एका शब्दाच्या जागी त्याचा पर्याय चालत नाही. अर्थासाठीच शब्द वापरला असता तर समानार्थी शब्द का चालू नये? यास्काचे उत्तर सर्वांना परिचित आहे. वेदातले शब्द लोकभाषेत वापरले जाणारेच शब्द आहेत, म्हणून ते अर्थवान आहेत. आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. पुढे मीमांसकांनीही मंत्रांच्या अर्थवत्तेचा पक्ष लढवला आणि दुर्बोध वैदिक शब्दांचा आक्षेप परतवण्याचा प्रयत्न केला.

या वादात आपण वैदिक मंत्रांपुरते यास्काच्या बाजूने उभे राहू शकतो. अथर्ववेदातले ज्वराला उद्देशून असलेले सूक्त घ्यावे. त्यात 'तक्मन्' या ज्वराला संबोधून मूजवत, बाह्लिक, गंधार, अंग, मगध अशा दूरच्या लोकांकडे जाण्यास सांगितले आहे. तेथे संबोधन आहे, आर्जव आहे, हाकलणे आहे, भूगोल आहे. अर्थ काढून घेतला तर सूक्तात काहीच उरणार नाही. सेरेनसचा उपायही ज्वरावरच आहे, पण त्यात संबोधन नाही, ज्वराशी संवाद नाही. एकाच प्रकारच्या संकटासमोर भाषेचा वापर दोन सर्वस्वी भिन्न रीतींनी होऊ शकतो, आणि 'मंत्र' या एकाच नावाखाली ते दोन्ही कोंबले तर दोन्हींची हानी होते.

यास्काची कसोटी 'अब्राकादाब्रा'ला लावली तर काय दिसते? या शब्दाचा कोणताही अंश लोकभाषेत वापरला जातो असे दाखवता येत नाही. म्हणजे ज्या आधारावर यास्काने कौत्साला उत्तर दिले, तो आधारच येथे उपलब्ध नाही. पण व्युत्पत्तीचे समर्थक यास्काचे दुसरे वचन पुढे करतील : साम्य अगदी अक्षरापुरते, वर्णापुरते असले तरी निर्वचन करावे, निर्वचन करायचे सोडू नये. वचन खरे आहे. पण त्याच ठिकाणी त्याने घातलेली अट सोयीस्करपणे वगळली जाते. परीक्षण करायचे ते अर्थाला धरून. नैरुक्तांच्या पद्धतीत वापरावरून ठाऊक झालेला अर्थ आधी आणि निर्वचन नंतर. अर्थच ठाऊक नसताना वर्णसाम्यावरून अर्थ उत्पन्न करणे ही यास्काची पद्धत नव्हे. ती त्या पद्धतीची उलटी प्रत आहे.

कौत्साचा विजय झाला असेही येथे म्हणायचे नाही. फ्रिट्स स्टाल यांनी १९८९ च्या 'रूल्स विदाउट मीनिंग' या ग्रंथात वैदिक कर्मकांड आणि सामगायनातले स्तोभ यांच्या आधारे कौत्साची बाजू नव्याने आणि टोकाला नेऊन मांडली. नियम आहेत, अर्थ नाही, हा त्यांचा निष्कर्ष. या निष्कर्षात एक गोष्ट गमावली जाते. अर्थ नसणे आणि प्रयोजन नसणे ही दोन वेगळी विधाने आहेत. 'अब्राकादाब्रा'ला वाच्यार्थ नाही. पण त्याला रचना आहे, प्रयोजन आहे, एक निश्चित कृतिक्रम आहे, आणि तो कोणत्या प्रकारच्या भयासमोर उभा केला आहे हे संहिताच सांगते. समीक्षकाला वाचायला एवढे पुरेसे आहे. किंबहुना साहित्यकृतीत आपण याच गोष्टी वाचतो.

५

तीन आक्षेपांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप सर्वांत बळकट आहे. बॅबिलोनी तालमुदमध्ये रात्री पाणी पिण्याच्या संदर्भात एका पिशाचाचे नाव येते : 'शब्रीरी'. त्याच्यापासून संरक्षण म्हणून ते नाव घटवत म्हणायचे असते : शब्रीरी, ब्रीरी, रीरी, ईरी, री. येथे शब्द अरमाईक आहे, त्याला अंधत्वाशी निगडित असा अर्थ आहे, तो घटतो आहे, आणि तो उच्चारला जातो आहे. मग 'अब्राकादाब्रा'ही असेच एखाद्या व्याधिदेवतेचे नाव का नसावे?

असू शकेल. पण हे साम्य 'मी बोलतो तसे निर्माण करतो' या मताच्या मदतीला येत नाही. ते त्याला छेदच देते. शब्रीरीचे नाव घटवणारा माणूस काही निर्माण करीत नाही, तो एका सत्तेला वर्णावर्णाने खच्ची करतो. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक पपायरसांतही तापावरचे असे घटते शब्द आहेत. त्यांतले काही सार्थ आहेत : 'गॉर्गनचा वध करणारा' अशा अर्थाचे एक नाव त्रिकोणात घटत जाते. काही निरर्थक आहेत; 'अब्लानाथानाल्बा' हा तर दोन्ही बाजूंनी सारखाच वाचता येणारा वर्णबंध. (देवनागरीत तो तसा वाचता येत नाही, कारण 'ब्ला' उलटून 'ल्बा' होताना जोडाक्षर आड येते, ही रचनाही वर्णलिपीचीच.) सार्थ आणि निरर्थक शब्द एकाच आकृतीत, एकाच कामासाठी बसवले गेले आहेत, याचा अर्थ स्पष्ट आहे : काम आकृतीचे आहे. शब्द सार्थ असला तर हरकत नाही, नसला तर अडत नाही. फ्रान्त्स डोर्नझाइफ यांनी वर्णमाला आणि जादू यांच्या संबंधावरच्या १९२२ च्या ग्रंथात या घटत्या आकृत्यांचा एक स्वतंत्र वर्ग म्हणून विचार केला होता. शब्दाचे कूळ शोधायचेच असेल तर ते या आकृतिवर्गात आहे.

दुसरा आक्षेप भाषिक कृतीच्या सिद्धान्ताकडून येतो. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून 'बोलणे ही कृती आहे' हे आपण मान्य केले आहे. मग जादूचा शब्द हे त्या कृतीचे शुद्धतम उदाहरण नव्हे काय? नव्हे. ऑस्टिन यांची उदाहरणे पाहावीत : वचन देणे, नाव ठेवणे, पैज लावणे. ही सर्व वाक्ये ऐकणाऱ्याला कळतात आणि सामाजिक संकेत त्यांना मान्यता देतात म्हणूनच सफल होतात. 'अब्राकादाब्रा' कोणालाच कळत नाही आणि न कळण्यातच त्याचे बळ आहे. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी ट्रोब्रिआंड बेटांवरच्या शेतीमंत्रांच्या अभ्यासात (१९३५) जादूच्या भाषेतल्या विलक्षणतेच्या प्रमाणाकडे लक्ष वेधले होते : दैनंदिन भाषेपासूनचे अंतर हेच तिचे भांडवल. पण त्यांनी त्याबरोबरच मंत्रातल्या सुबोध भागाचीही नोंद घेतली. या दोन टोकांमध्ये कोणता शब्द कोठे उभा आहे, हे दर वेळी तपासावे लागते. सर्व जादूला एका ऑस्टिनी सूत्रात गुंडाळले की तपासायचे काहीच उरत नाही.

तिसरा आक्षेप समन्वयवादी आहे : व्युत्पत्ती खोटी असली तरी लोक ती मानतात, तेव्हा ती शब्दाच्या आजच्या अर्थाचा भाग झाली आहे. हे मान्य. पण मग ती आजच्या स्वीकाराचा पुरावा म्हणून मांडावी, प्राचीनांच्या भाषाविचाराचा म्हणून नव्हे. आणि स्वीकाराचाच इतिहास पाहायचा तर त्यात डॅनिएल डिफोही येतो. लंडनमधल्या १६६५ च्या प्लेगवर १७२२ मध्ये लिहिलेल्या 'अ जर्नल ऑफ द प्लेग यिअर'मध्ये त्याचा निवेदक हा त्रिकोण अंगावर बाळगणाऱ्या लोकांविषयी सांगतो. आणि त्यांतले कितीतरी जण गळ्यातल्या त्या ताईतांसह प्रेतांच्या गाड्यांतून सामुदायिक खड्ड्यांत गेले, हेही सांगतो. भयभीत माणसे, कागदाचा तुकडा आणि न टळलेला मृत्यू : या शब्दाच्या स्वीकाराच्या इतिहासातले हे पान आहे. शब्दाच्या सर्जनशक्तीचा उत्सव करणाऱ्या निबंधांत या पानाला जागा नसते. शब्द वास्तव घडवतो हे सिद्ध करण्यासाठी नेमका असा शब्द निवडावा की ज्याने वास्तवापुढे हार खाल्ल्याची नोंद उपलब्ध आहे, यातला विरोधाभास त्यांना जाणवत नाही.

६

अखेरीस आपल्या घरचा हिशेब. व्युत्पत्तीचा हा मोह परक्या शब्दापुरता असता तर दुर्लक्ष करता आले असते. 'मंत्र' या शब्दाचेच घ्या. मनन करणाऱ्याचे त्राण करतो तो मंत्र, हे निर्वचन आपण शाळेपासून ऐकतो. व्याकरणदृष्ट्या 'मन्' या धातूला साधनवाचक 'त्र' प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो, जसा 'शस्' धातूपासून 'शस्त्र' आणि 'पा' धातूपासून 'पात्र'. शस्त्रात कोणी त्राण शोधत नाही. 'त्राण करणारा' हे निर्वचन खोटे म्हणून टाकून द्यावे असे मुळीच नाही. ती साधकाची चिंतनपद्धती आहे आणि तंत्रग्रंथांच्या अभ्यासात तिला मोठे मोल आहे. पण ते चिंतन आहे, शब्दाचा इतिहास नव्हे. निर्वचन आणि ऐतिहासिक व्युत्पत्ती यांतला भेद आपल्या परंपरेनेच आपल्या हाती दिलेला असताना तो आपण पुसून टाकतो.

'साहित्य' या शब्दाचे भवितव्य याहून गंभीर आहे. 'हितासहित ते साहित्य' असे सांगून साहित्याचे प्रयोजन ठरवण्याची रीत मराठी व्यासपीठांवर अद्याप जिवंत आहे. भामहाने काव्यलक्षणात शब्द आणि अर्थ यांच्या सहितत्वाचा उल्लेख केला, कुंतकाने त्या सहितत्वाचे मर्मग्राही विवेचन केले. तेथे प्रश्न शब्द आणि अर्थ यांच्या परस्परस्पर्धी सौंदर्याचा होता. 'हित' तेथे नव्हते. ते नंतर शब्दाच्या पोटातून काढले गेले आणि मग साहित्याने समाजाचे हित साधलेच पाहिजे, हा आदेश जणू शब्दानेच दिला आहे असे भासवले गेले. साहित्याचे सामाजिक प्रयोजन हा वाद घालण्याजोगा विषय आहे आणि त्याच्या बाजूने सबळ युक्तिवादही आहेत. पण युक्तिवादाच्या जागी व्युत्पत्ती ठेवली की वाद घालण्याचे कारणच संपते : शब्दातच आहे म्हटल्यावर बोलणार कोण? व्युत्पत्ती येथे ज्ञानाचे साधन न राहता अधिकाराचे साधन होते. खरी जादू होते ती येथे, आणि ती सेरेनसच्या कागदापेक्षा पुष्कळ परिणामकारक असते.

म्हणून मागणी साधी आहे. एखाद्या शब्दाचे मूळ सांगून जो साहित्यविषयक सिद्धान्त मांडतो, त्याला विचारावे की, हा शब्द ज्या संहितेत आला आहे ती तुम्ही वाचली काय; त्या संहितेत तो कोणते काम करतो; आणि व्युत्पत्ती बाजूला ठेवली तर तुमच्या सिद्धान्तात काय उरते. 'अब्राकादाब्रा'च्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे सेरेनसच्या मोजक्या ओळींत आहेत. त्या ओळी नावाअभावी सुरू होतात, लिहिण्यातून पुढे सरकतात, वर्णावर्णाने खोडत जातात आणि एका आजारी माणसाच्या गळ्याशी येऊन थांबतात. तेथे अर्थ शोधायचा असेल तर तो त्या गळ्यापासून सुरू करावा लागेल. अरमाईक धातुपाठापासून नव्हे.